इंदुरातल्या घरात छोटा फिलोडेंड्रॉन: पहिल्या वर्षाची देखभाल

अळूच्या वड्या आपल्याकडे घराघरांत होतात, म्हणजे फिलोडेंड्रॉनच्या कुळाशी तुमची ओळख आधीपासूनच आहे. अळू, सुरण आणि फिलोडेंड्रॉन ही एकाच कुळातली भावंडं. अळू नीट शिजला नाही की घसा खवखवतो, तो पानातल्या सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळे. तेच स्फटिक फिलोडेंड्रॉनच्या पानातही असतात. पण एका बाबतीत ही भावंडं अगदी उलट स्वभावाची आहेत, आणि नवख्या माणसाच्या हातून रोप जातं ते नेमकं तिथेच.

अळू आपण मागच्या अंगणात न्हाणीच्या पाण्यावर लावतो. पाय सतत ओले असले की तो सुखात असतो. फिलोडेंड्रॉन मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या पावसाळी जंगलांतला. तिथे त्याचे बरेचसे प्रकार झाडांच्या खोडांना धरून वाढतात, मुळं सालीच्या फटींत आणि अडकलेल्या पाचोळ्यात रोवून. पाऊस येतो, मूळ चिंब होतं, पाणी निथळून जातं आणि मुळाभोवती पुन्हा हवा खेळू लागते. नावही त्यावरूनच पडलं: ग्रीक भाषेत ‘फिलो’ म्हणजे प्रेम करणारा आणि ‘डेंड्रॉन’ म्हणजे झाड. पुढे मी जे सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीतून निघतं. या रोपाच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते.

हे मला पहिलं रोप गमावल्यावर कळलं. आम्ही सुदामानगरात राहतो. शेत महूच्या बाजूला, तिथली काळीभोर माती घरात कायम असते. डिसेंबरात हौसेनं बर्किन नावाच्या जातीचं एक फिलोडेंड्रॉन आणलं, त्या मातीत लावलं, आणि रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना एक फुलपात्र यालाही घालत राहिले. संक्रांतीच्या आधीच खालची तीन पानं एकदम पिवळी पडली. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. म्हणून वाढवलं. आठवड्याभरात रोप बुडाशी मऊ होऊन हातात आलं. मुळं तपकिरी, चिकट, कुबट वासाची. त्यानंतर मी जे शिकले ते इथे क्रमानं लिहिते आहे.

रोप निवडताना

फिलोडेंड्रॉनच्या पाचशेहून अधिक जाती आहेत. नवख्यांसाठी मुख्य फरक एवढाच: काही वेलासारखे चढतात किंवा लोंबतात, आणि काही एकाच मध्यातून पानं काढत आटोपशीर झुडपासारखे बसतात. दोन खोल्यांच्या घरात, टेबलावर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचं असेल तर हा दुसरा, बैठ्या बांध्याचा प्रकार घ्या. त्याला काठीचा आधार लागत नाही, छाटावंही लागत नाही.

नर्सरीत सहज मिळणाऱ्यांपैकी बर्किन सगळ्यात देखणं. गडद हिरव्या पानावर पांढऱ्या बारीक रेघा, अगदी खडूनं ओढल्यासारख्या. रोजो काँगो नावाच्या जातीत आपोआप झालेल्या बदलातून ते आलं, त्यामुळे कधीकधी एखादं पान पुन्हा निव्वळ हिरवं किंवा लालसर निघतं. कोवळ्या रोपाची सुरुवातीची पानंही हिरवीच असतात, तेव्हा रेघा नाहीत म्हणून दुकानदाराशी भांडू नका. इम्पीरियल ग्रीन त्याहून सोशिक आहे. रेघा नाहीत, चकचकीत रुंद पानं, आणि थोड्या कमी उजेडातही निभावून नेतं. मूनलाइट आणि प्रिन्स ऑफ ऑरेंज यांची नवी पानं पिवळी-केशरी निघतात आणि जुनी होता होता हिरवी पडतात. झनाडूही फिलोडेंड्रॉन म्हणूनच विकलं जातं, पण २०१८ साली शास्त्रज्ञांनी त्याला थॉमॅटोफायलम नावाच्या वेगळ्या गटात घातलं. देखभाल जवळपास सारखीच आहे, फक्त ते आडवं पसरतं आणि जागा खातं.

माझं मत विचाराल तर पहिलं रोप इम्पीरियल ग्रीन घ्या आणि ते एक उन्हाळा तरलं की बर्किन आणा. बर्किनच्या पानातल्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणून ते सावकाश वाढतं आणि उजेडाबाबत जास्त चोखंदळ असतं.

मनीप्लांट आणि फिलोडेंड्रॉन यांची आपल्याकडे फार गल्लत होते. वेलासारखा, बदामी पानांचा फिलोडेंड्रॉन मनीप्लांटसारखाच दिसतो. ओळखायची खूण नव्या पानात आहे. फिलोडेंड्रॉनचं नवं पान एका पातळ आवरणातून बाहेर येतं, आणि पान उघडल्यावर ते आवरण वाळून गळतं. मनीप्लांटचं नवं पान आधीच्या पानाच्या देठातूनच उलगडत येतं.

दुकानात रोप हातात घेतल्यावर आधी पानं उलटी करून बघा. देठाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही दिसलं तर ते रोप तिथेच ठेवा. मग रोप बुडाशी धरून अगदी हलकं हलवा. डुगडुगलं तर मुळं गेलेली आहेत. मध्यातून एखादं गुंडाळलेलं नवं पान वर येताना दिसलं तर रोप जोमात आहे समजा. मोठ्यापेक्षा अशा जोमदार लहान रोपाला पैसे द्या.

घरी आणल्या दिवशी कुंडी बदलू नका. नर्सरीच्या हिरव्या जाळीखालून ते तुमच्या घरात आलंय, तिथला उजेड वेगळा, हवा वेगळी. दोन आठवडे तसंच राहू द्या, आणि घरात दुसरी झाडं असतील तर त्यांच्यापासून दूर ठेवा. कीड असली तर या काळात दिसून येते. एखादं जुनं पान या दिवसांत पिवळं पडेल, त्यानं घाबरू नका.

जागा

खिडकी पूर्वेची असेल तर प्रश्नच मिटला. सकाळचं कोवळं ऊन तास-दीड तास आणि मग दिवसभर भरपूर उजेड, हे या रोपाला मानवतं. उत्तरेची खिडकी चालते, पण रोप अगदी खिडकीला लागून ठेवा. दक्षिण आणि पश्चिमेला पातळ पडदा हवाच. इंदुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि पश्चिमेच्या काचेतून येणारं तीन वाजताचं ऊन एका दुपारीत पान भाजून टाकतं. भाजलेला डाग आधी फिकट, मग कागदासारखा तपकिरी होतो, आणि तो पुन्हा कधी हिरवा होत नाही.

उजेड पुरेसा आहे का हे बघायची सोपी युक्ती अशी: दुपारी बारा-एकच्या सुमारास पानाच्या वर हातभर अंतरावर तळवा धरा. सावली दिसली पण तिच्या कडा पुसट असल्या तर उजेड बरोबर. कडा सुरीनं कापल्यासारख्या असल्या तर ऊन जास्त. सावली पडतच नसेल तर तिथे रोप जिवंत राहील पण वाढणार नाही. अंधारातलं रोप लगेच ओळखू येतं: देठ लांबुडके होतात, पानं लहान निघतात आणि सगळं रोप खिडकीकडे मान वळवतं. म्हणून दर आठवड्याला कुंडी पाव फेरा फिरवा.

राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांत आतल्या खोल्या काळोख्या असतात, पण चौकाकडची ओसरी सुंदर उजेडाची असते. तिथे हे रोप ठेवून बघा. टीव्हीच्या बाजूचा कोपरा, जिन्याखालची जागा, देवघराशेजारची समई पेटते ती बाजू, या जागा दिसायला छान पण रोपासाठी वाईट. उजेडाची खिडकीच नसेल तर एक साधा पांढरा एलईडी दिवा रोपाच्या वर फूट-सव्वा फुटावर लावून दिवसाला दहा-बारा तास चालू ठेवला तरी भागतं.

माती, जिच्यावर सगळं अवलंबून आहे

आपल्या माळव्यात म्हण आहे: मालव धरती गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर. ज्या काळ्या मातीमुळे ही म्हण जन्मली ती गहू-हरभऱ्याला सोनं आहे, कारण ती पाणी धरून ठेवते. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून हातभर भेगा देते. शेतात हे चालतं, कारण मुळं खोल जाऊ शकतात. सहा इंची कुंडीत मुळांना जायला जागा नाही. काळी माती ओली असताना तिच्यातली हवा संपते आणि मुळं गुदमरून कुजतात. वाळली की ती आखडून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. आपल्याला वाटतं पाणी मिळालं, प्रत्यक्षात रोप तहानलेलं असतं. एकाच मातीत रोप बुडूनही मरतं आणि तहानेनंही.

म्हणून कुंडीसाठी मिश्रण करा. मी घेते ते प्रमाण असं: भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन वाटे, चांगलं कुजलेलं खत एक वाटा, पर्लाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) एक वाटा, आणि नारळाच्या सालीचे नखाएवढे तुकडे किंवा फोडलेला लाकडी कोळसा एक वाटा. पर्लाइट नसेल तर बांधकामाची रेती चाळा आणि चाळणीवर राहिलेली जाडी रेती धुऊन घ्या. खाली पडलेली बारीक रेती नको, ती मिश्रण आणखी घट्ट करते. कोकोपीटची वीट वापरत असाल तर फुगल्यावर दोन-तीनदा स्वच्छ पाण्यातून काढा, त्यात मीठ असतं. तयार मिश्रण मुठीत दाबा आणि मूठ उघडा. गोळा बोटाच्या स्पर्शानं फुटला पाहिजे. लाडवासारखा टिकला तर आणखी रेती किंवा साल घाला.

खताबद्दल थोडं जास्त बोलते, कारण आपल्या गावाचं नाव जगभरच्या शेतीच्या पुस्तकांत याच कारणानं आहे. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात इंदुरात होते, इथल्या वनस्पती संशोधन संस्थेचे प्रमुख म्हणून. त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातला काडीकचरा, शेण, माती आणि राख यांचे थर देऊन, ढीग वरखाली करत, साधारण तीन महिन्यांत खत तयार करायची रीत बसवली. ती आजही ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. त्या रीतीचा गाभा म्हणजे ढिगाला हवा मिळाली पाहिजे. हवा नसली की कचरा कुजण्याऐवजी सडतो आणि वास मारतो. कुंडीत मुळांचं अगदी तेच होतं.

घरी भाजीच्या देठा-सालांचं खत करत असाल तर ते पूर्ण पिकलेलंच वापरा. काळसर, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारख्या वासाचं. अर्धवट कुजलेलं खत कुंडीत तापतं, मुळं पोळतात आणि चिलटं होतात. गांडूळखत विकत आणलं तरी हरकत नाही.

कुंडी

बुडाला भोक नसलेल्या सुंदर सिरॅमिकच्या कुंडीत थेट रोप लावू नका. ती हवी असेल तर रोप साध्या प्लॅस्टिकच्या कुंडीत लावून ते तिच्यात नुसतं ठेवा, पाणी घालताना बाहेर काढा आणि निथळल्यावर परत ठेवा. मातीची कुंडी श्वास घेते, ज्यांचा हात पाण्याला सढळ आहे त्यांनी तीच घ्यावी. पण आपल्या उन्हाळ्यात ती फार लवकर सुकते हेही लक्षात असू द्या.

कुंडीचा आकार मुळांच्या गोळ्यापेक्षा दोन इंचच मोठा हवा. ‘पुढे वाढेल’ म्हणून मोठी कुंडी घेतली तर जिथे मुळंच नाहीत त्या मातीतलं पाणी कोण पिणार? ते तिथेच साचून राहतं.

बुडाशी विटांचे तुकडे किंवा खडे भरायची आपली जुनी सवय सोडून द्या. बारीक मातीतलं पाणी खालच्या खड्यांच्या थरात सहजी उतरत नाही, थराच्या वरच अडतं. म्हणजे ओली, बिनहवेची माती मुळांच्या आणखी जवळ येते. भोकावर माती गळू नये म्हणून जाळीचा तुकडा किंवा एक वाकडं खापर पुरे.

पाणी

आमच्या शेजारच्या मुलीनं मला विचारलं होतं, “काकू, किती दिवसांनी पाणी घालू?” मी तिला म्हटलं, “दिवस मोजू नकोस गं, बोट घाल.” तुम्हालाही तेच सांगते. तर्जनी मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घाला. ओल लागली, माती बोटाला चिकटली, तर पाणी नको. कोरडं लागलं तर घाला. बोट घालायला नको वाटत असेल तर लाकडी काडी कडेनं खोल खुपसून पाच मिनिटांनी काढा, केक भाजला का बघतो तसं. आणि पाणी घातल्यावर व घालण्याआधी कुंडी एकेकदा उचलून बघा. महिन्याभरात वजनावरूनच कळायला लागतं.

घालायचं तेव्हा मात्र भरपूर. सगळीकडून हळूहळू ओता, खालच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत. पंधरा मिनिटांनी बशीत साचलेलं पाणी फेकून द्या. रोज घोटभर पाणी देणं सगळ्यात वाईट, त्यानं वरचा थर कायम ओला राहतो आणि खालच्या मुळांपर्यंत काहीच पोचत नाही.

अंदाज यावा म्हणून माझ्या सहा इंची प्लॅस्टिकच्या कुंडीचा हिशेब देते: मेमध्ये चार-पाच दिवसांनी, पावसाळ्यात आठवड्यानं, आणि कडक थंडीत बारा ते पंधरा दिवसांनी. तुमच्या घरात तो वेगळा पडेल, बोटाचं ऐका.

पाणी कुठलं यानंही फरक पडतो. नळाला येणारं नर्मदेचं पाणी, जे थेट मंडलेश्वरजवळच्या जलूदहून वर चढवून आणतात, ते या रोपाला चांगलं. बोअरिंगचं पाणी जड असतं. ते महिनोन्‌महिने घातलं की मातीवर आणि कुंडीच्या काठावर पांढरट पापुद्रा धरतो आणि पानांची टोकं तपकिरी होतात. घरात बोअरिंगच असेल तर पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी बादल्यांत धरून वापरा, आणि दोन महिन्यांतून एकदा कुंडी मोरीत ठेवून तिच्यातून दोन-तीन तांबे चांगलं पाणी सावकाश वाहू द्या. साचलेले क्षार धुऊन जातात.

इंदूरचं वर्ष आणि रोपाचं वर्ष

पुस्तकी माहितीत ‘अठरा ते सत्तावीस अंश तापमान आणि दमट हवा’ असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे वर्षातले चार-पाच महिनेच असे असतात. बाकीचे महिने रोपाला सांभाळून न्यावे लागतात.

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघाली की समजायचं, ऊन फिरलं. त्या आठवड्यात रोप दक्षिण-पश्चिमेच्या खिडकीतून आत घ्या. एप्रिल-मेची खरी अडचण उष्णतेपेक्षा कोरडेपणाची आहे. दुपारची हवा इतकी रुक्ष असते की पानातलं पाणी मुळं पुरवतील त्याहून वेगानं उडून जातं आणि ओल्या मातीतसुद्धा पानाच्या कडा वाळतात. इथे आपला कूलर फार कामाचा. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांमधून येणारी हवा खोलीत ओल आणते. ज्या खोलीत कूलर चालतो त्याच खोलीत रोप ठेवा, पण झोताच्या समोर नाही, बाजूला. एसीची खोली उलट आहे, एसी हवेतली ओल काढून घेतो. एसीतच ठेवायचं असेल तर तीन-चार झाडं जवळजवळ ठेवा, ती एकमेकांभोवतीची हवा थोडी दमट राखतात. पानांवर फवारा मारण्यावर फार विसंबू नका. त्याचा परिणाम काही मिनिटांत संपतो, आणि पाणी जड असेल तर पानांवर पांढरे ठिपके तेवढे उरतात. रात्री माळव्याची हवा मेमध्येही हलकी होते, तेव्हा खिडक्या उघडा.

जूनच्या अखेरीस पाऊस स्थिरावला की रोपाचे दिवस येतात. कुंडी बदलायची, विभागणी करायची ती आषाढ-श्रावणात. मुळं कुंडीच्या भोकातून बाहेर डोकावत असतील, किंवा पाणी घातलं की लगेच आरपार जात असेल, तर कुंडी बदलायची वेळ झाली. साधारण दीड-दोन वर्षांनी ती येते. आदल्या दिवशी पाणी घाला, कुंडी आडवी करून कडा थोपटा, रोप बुडाशी धरून बाहेर घ्या. काळी, मऊ मुळं स्वच्छ कात्रीनं कापा, पांढरी आणि कडक ठेवा. पूर्वी जितकं खोल होतं तितकंच खोल लावा. खोड मातीत पुरलं तर तिथून कुजतं. पावसात उघड्यावर मात्र ठेवू नका. एखादी सर चालेल, आठवड्याची झड नाही.

अनंत चतुर्दशीच्या झाक्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुका, निघून गेल्या की पाऊस ओसरतो, तेव्हापासून पाण्याची खेप हळूहळू लांबवा. दिवाळीच्या साफसफाईत पानंही पुसा. ओल्या सुती फडक्यानं, दुसरा तळवा पानाखाली धरून. धुळीनं झाकलेल्या पानाला उजेड कमी मिळतो. चकाकीसाठी खोबरेल तेल किंवा दूध लावायचा सल्ला कुणी देईल, ते करू नका. तेलावर धूळ आणखी बसते आणि पानाची श्वसनछिद्रं बंद होतात.

डिसेंबर-जानेवारीत इंदूरची रात्र दहा अंशांच्या खाली उतरते. या रोपाला बारा-तेराच्या खाली त्रास होतो. संध्याकाळी खिडकीची काच बंद करा आणि कुंडी काचेपासून हातभर आत घ्या, पानाला थंड काच टेकू देऊ नका. खाली फरशीवर ठेवलेली कुंडी पाटावर किंवा स्टुलावर उचला. गच्चीवरच्या टाकीचं पहाटेचं गार पाणी घालू नका. दुपारी, खोलीत ठेवून बेताचं झालेलं पाणी द्या. नवं पान या काळात येणार नाही. थांबलेल्या रोपाला ‘जोर यावा’ म्हणून खत घालायचा मोह होतो, तो आवरा.

खत

मार्च ते ऑक्टोबर, महिन्यातून एकदा. पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) कृषी दुकानात मिळतं, ते लिटरभर पाण्यात अर्धा ते एक ग्रॅम, म्हणजे लहान चमच्याचं टोक. माती ओली असतानाच द्या, कोरड्या मातीत खत मुळांना जाळतं. नाहीतर दोन महिन्यांनी मूठभर गांडूळखत वरच्या थरात मिसळा. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात पारा फार चढला तर तो हप्ता चुकवा. युरिया घरातल्या कुंडीला नकोच.

पानं बघून ओळखायचं

सगळ्यात खालचं एक पान सावकाश पिवळं होऊन गळलं तर ते म्हातारपण आहे. दोन-तीन पानं एकदम पिवळी आणि माती ओली, तर मुळं कुजत आहेत. तेव्हा वाट न बघता रोप बाहेर काढा, कुजलेली मुळं कापा, कोरडसर नव्या मिश्रणात लावा आणि आठवडाभर पाणी देऊ नका. पानं मलूल, माती कोरडी, कुंडी हलकी: फक्त तहान आहे, पाणी दिलं की संध्याकाळपर्यंत सावरतं. मलूल पण माती ओली, हे धोक्याचं. माझ्या पहिल्या रोपाला हेच झालं होतं आणि मी उलटा उपाय केला. पानाला फक्त टोकाशी तपकिरी कड असेल तर कोरडी हवा किंवा जड पाणी. सकाळी पानाच्या टोकाला थेंब लटकलेले दिसले तर तो रोग नाही, रात्री जास्तीचं पाणी रोप असं बाहेर टाकतं.

बर्किनची सलग तीन-चार पानं रेघांशिवाय निघाली तर आधी उजेड वाढवा. तरीही फरक पडला नाही तर शेवटच्या रेघाळ पानाच्या वरून शेंडा कापा, खालून नवा फुटवा रेघांसह येण्याची शक्यता असते.

किडींमध्ये आपल्याकडे दोन मुख्य. पिठ्या ढेकूण देठाच्या बेचक्यात कापसासारखा बसतो. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपून काढा, चार-पाच दिवसांनी पुन्हा. लाल कोळी उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत येतो, पानाच्या मागे बारीक जाळी आणि वर फिकट टिपके दिसतात. रोप मोरीत नेऊन पानं दोन्ही बाजूंनी पाण्यानं धुवा, मग लिटरभर कोमट पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि काही थेंब भांड्यांचा साबण घालून संध्याकाळी फवारा. आधी एकाच पानावर करून एक दिवस थांबा. मातीतून चिलटं उडत असतील तर औषधाची गरज नाही, वरचा इंचभर थर नीट वाळू द्या, ती आपोआप कमी होतात.

लेकरं, मांजर आणि हवा

सुरुवातीला सांगितलेले ते स्फटिक इथे पुन्हा येतात. रांगणारं बाळ, मांजर किंवा कुत्रा घरात असेल तर रोप उंचावर ठेवा. पान चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते, ओठ-जीभ सुजू शकतात. तोंड पाण्यानं धुवा, आणि सूज दिसली किंवा गिळायला त्रास वाटला तर लगेच डॉक्टरांकडे न्या. अळू चिंच घालून शिजवून खातो तसा हा प्रकार शिजवूनही खायचा नाही. छाटणीनंतर हात साबणानं धुवा, चीक डोळ्याला लागू देऊ नका.

हवा शुद्ध होते म्हणून रोप घ्यायला सांगणारे बरेच भेटतील. त्या समजाचं मूळ नासाच्या १९८९ सालच्या प्रयोगांत आहे, पण ते प्रयोग बंद पेटीतले होते. नंतर अशा प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा खऱ्या घरात तसा परिणाम मिळवायचा तर दर चौरस मीटरला दहा ते हजार रोपं लागतील असं निघालं. खिडकी उघडणं त्याहून कितीतरी सोपं. रोप घ्या ते त्याच्या पानांसाठी.

एकाचे दोन करताना

बैठ्या फिलोडेंड्रॉनची फांदी मनीप्लांटसारखी पाण्यात खोचून भागत नाही, त्याला कापायला फारसं खोड नसतं. नर्सरीवाले तो बहुधा प्रयोगशाळेतल्या ऊतींपासून वाढवतात. पण दोन-तीन वर्षांच्या रोपाच्या बुडाशी कधीकधी बाजूला पिल्लू फुटतं. त्याला स्वतःची तीन-चार पानं आणि वेगळी मुळं येईपर्यंत हात लावू नका. श्रावणात कुंडी बदलताना ते मुळांसकट सुरीनं वेगळं करा, कापलेली जागा तासभर सुकू द्या आणि चार इंची कुंडीत लावा. मी असं पहिलं पिल्लू त्या शेजारच्या मुलीलाच दिलं. महिनाभर खत द्यायचं नाही, ऊन दाखवायचं नाही, आणि माती फक्त दमट ठेवायची, एवढं तिला सांगितलं. नवं पान गुंडाळलेलं बाहेर आलं की ते बोटांनी उलगडायची घाई करायची नाही, हेही. कोवळं पान फाटलं की ती चीर शेवटपर्यंत राहते. पंधरा-वीस दिवसांनी ते आपणहून उघडतं.